धाकट्याच्या कानांची परीक्षा

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, धंदा गिटार दुरुस्ती, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. छाती साथ देत नाही, डोके देते. मला कोणी भरीस घातलेले नाही. घालायला घरात उरले आहे कोण?

१. राहती खोली व बँकेतील शिल्लक मुलीला.

२. सोल्डरिंग आयर्न, मीटर व तारांची रिळे समोरच्या रेडिओवाल्याला. त्याने उसनी नेलेली पकडही आता त्याचीच समजावी.

३. मेहुण्याला काहीही नाही. कारण त्याला ठाऊक आहे.

४. दुकान धाकट्या भावाला हवे आहे. तो स्टेजवर गिटार वाजवतो, लोक त्याला उस्ताद म्हणतात. मी जिवंत असतानाच त्याने इथे काढायच्या शिकवणीची पाटी रंगवून घेतली आहे. त्याचे म्हणणे, "दादाला हात आहेत, कान मला आहेत."

त्या कानांनी माझ्या मुलीचे वाटोळे केले. तिच्या पहिल्या कार्यक्रमाआधी तिच्या इलेक्ट्रिक गिटारसाठी त्याने कुठूनसा अंगठ्याएवढा, कागद-तेलाचा जुना कपॅसिटर आणला. "दादा, हाच घाल. आवाज बघ कसा मधासारखा येतो." मी म्हटले, "अरे, टोनचा नॉब खाली घेतला की कपॅसिटर आवाजाची धार अर्थिंगला सोडतो. किती सोडायची ते त्यावरचा आकडा ठरवतो, त्याचे वय नाही. याचा आकडा नेहमीच्या पाचपट आहे." ऐकतो कोण! पोरही काकाच्या बाजूची. जोडून दिला. काकाने सांगितल्याप्रमाणे तिने नॉब खाली घेतला आणि गिटार गोधडीखालून वाजावी तशी वाजली. तेव्हा हाच काका सगळ्यांदेखत म्हणाला, "कपॅसिटर अस्सल आहे. पोरीच्या बोटांतच जीव नाही."

तिने पुन्हा गिटारला हात लावला नाही. मी त्याला माफ केलेले नाही आणि मरतानाही करणार नाही.

५. कपाटात मी केलेली, नॉब आणि बटण बसवलेली लाकडी पेटी आहे. हे वाचणाऱ्या वकीलबाईंनी इथे वाचन थांबवावे आणि मुलीला उस्तादाच्या समोर बसवावे. उस्तादाने आपली गिटार पेटीला जोडून वाजवावी. पेटीवरचा टोनचा नॉब पूर्ण खाली ठेवून वकीलबाईंनी बटण एकेका जागेवर फिरवावे. जागा सहा, प्रत्येक जागेला एक कपॅसिटर. कागद-तेलाचा जुना कपॅसिटर कोणत्या जागेवर आहे, ते त्याने कानाने ओळखावे. बरोबर सांगितले तर दुकान त्याचे. उत्तर लिहून त्यावर त्याची सही घ्यावी, मगच पुढे वाचावे.

६. तो कपॅसिटर पेटीत नाहीच. सहाही जागांवर एकाच पाकिटातले, मीटरवर मोजून सारखे निघालेले साधे कपॅसिटर आहेत. "मला फरक कळत नाही," एवढे उस्ताद म्हणाला असेल, तर दुकान त्याला द्यावे. एखादी जागा सांगितली असेल, आणि सांगणारच, तर दुकान मुलीचे. तिने चालवावे, विकावे, तिची मर्जी.

७. परीक्षेच्या वेळी मुलीला त्याच्या समोर बसवले, ते यासाठीच. बोटे तुझी चांगली होती, हे मी तिला कितीदा सांगितले. तिला वाटते, बाप आहे, म्हणणारच. आता काकाची सही तिच्या हातात द्यावी. हे ऐकताना उस्ताद मध्येच उठू लागला, तर दाराला कडी घालावी.

साक्षीदार:
१. खालच्या मजल्यावरचे डॉक्टर. माझे डोके ठिकाणावर असल्याबद्दल सही.
२. शेजारचा शिंपी. परीक्षा बघायला मिळेल या अटीवर सही.

ठिकाण: दुकान
दिनांक: ९ मार्च
सही