थोरल्या राणीचं काम

५ एप्रिल
जत्रेच्या नाटकात थोरल्या राणीचं काम कायम आमच्या घरात. देवीची पालखी पहिली आमच्या दारात टेकते, त्याचा मान. इतकी वर्षं मोठी सून सुगंधा करायची. औंदा धाकटीनं, निलमनं, तालीम मास्तरला कोलंबीचं कालवण चारून काम उपटलं. सुगंधाला दिलं सवतीचं काम. नाटकात थोरली राणी सवतीच्या थोबाडीत मारते, शेवटी सवत तिला कट्यार मारते.
सुगंधा फणफणली, "थोरली मी हाय, आई. घरात बी, नाटकात बी."
म्हटलं, मास्तरला सांग. मी काय परधान हाय?
दोघींचे नवरे न्हावा शेव्याला ट्रेलरवर. बरं हाय. मधे पडते तर तेच मार खाते.

९ एप्रिल
देवळात तालीम. थोबाडीत हवेत मारायची, पडद्यामागनं टाळी वाजवायची, अशी रीत. निलमनं खरी हाणली. बोट रिंगेत अडकून सुगंधाचा कान फाटला. पोलक्यावर रगत. बाया टाळ्या पिटतात, काय खरं वाटलं गो! भवान्यांनो, खरंच होतं.

१० एप्रिल
पेज गाळताना सुगंधाचा टोप कलला. निलमच्या पायावर. "हात सुटला." सुटला कसला, सोडला. कातडी पापडासारखी उठली.
दवाखान्यात डाक्टरीणबाई विचारते, कुणी केलं? निलम म्हणते, "माझ्याच हातनं सांडली." पोलिसात गेली तर नाटक बंद, काम गेलं. बाई पक्की.

१५ एप्रिल
निलम लंगडत तालमीला गेली. सुगंधा परसात, नाटकातली कट्यार दगडावर घासत.
"पत्र्याला धार कशाला गो?"
"लाइटीत चमकाय नको, आई?"
बोट लावलं. कापलं. पत्रा कुठला, मासे कापायच्या सुरीचं पातं मुठीत बसवलेलं. हिसकली, विहिरीत टाकली. दुसरी करायला किती वेळ? नाटक उद्या. बंद पाडावं तर मान जातो, होऊ द्यावं तर एक सून जाते.

१६ एप्रिल
सकाळीच दोघींना समोर बसवलं. थोरलीचं काम मी करणार. मास्तरची छाती न्हाय मला नको म्हणायची.
वाटलं, भांडतील. तर निलमनं सुगंधाला चहा ओतून दिला. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा. ती प्याली पण.
"शोभाल, आई," सुगंधा म्हणते.
विचारलं, मग कट्यारवाली कोण?
दोघी एकदम, "मी."
लुगड्याच्या आत गोधडी गुंडाळतेय. गाठ पाठीवर येते, माझा हात पोचत न्हाय. मारून द्यायला घरात याच दोघी.