ब्रेक काही निघेना

मुसफ्फा, अबू धाबी
१४ नोव्हेंबर २०२४

प्रिय वासुदेव,
तय्यबचा सलाम.

कसा आहेस? वहिनी आणि शुभ्रा मजेत ना? तुझा इकडचा नंबर बंद, तिकडचा तू दिला नाहीस. मेहुणा फहद उद्या दापोलीला चाललाय, त्याच्या हाती हे पत्र देतोय.

काल डोकं पार फिरलं. शूटिंग क्लबची ती दुसरी रायफल आपल्या वर्कशॉपात आली. बार उडाला की खांद्याला धक्का कमी बसावा म्हणून नळीच्या तोंडावर ब्रेक असतो ना, तो बदलायचा. दहा मिनिटांचं काम! सकाळी आठला पाना लावला. ढिम्म. तेल सोडून चहा पिऊन आलो. ढिम्म. मोठा पाना आणला, तो सटकला आणि बोटाचं सालटं गेलं. सुपरवायझर हम्माद दर अर्ध्या तासाने दारात. "यल्ला तय्यब, खलास?" काय खलास! माझंच खलास व्हायची वेळ आली होती. त्या लोखंडाच्या अख्ख्या खानदानाला शिव्या घालून झाल्या.

पण जास्त जोर लावायची हिंमत होईना. मार्चमध्ये तू लावलास आणि पहिल्या रायफलचे आटेच उखडले. तुला काम येत नाही, असं म्हणून हम्मादने आठवड्यात तुझं परतीचं तिकीट काढलं.

त्या दिवशी तू मला विचारलंस, "तय्यब, बसवताना आट्यांना काही लावलं होतंस काय?" मी म्हटलं, "नाही रे."

लावला होता. लाल गोंद, जो तापवल्याशिवाय सुटत नाही. ब्रेक सैल होऊन परत परत यायचे, म्हणून वैतागून दोन्ही रायफलींना मीच भरपूर लावला आणि रजिस्टरात लिहिलं नाही. विसरलो नव्हतो, वासू. तेव्हा माझ्या कुलसुमचं बाळंतपण जवळ, माझा व्हिसा रिन्यू व्हायचा. घाबरलो.

कालही तापवलं तर गोंद उघडा पडेल म्हणून टाळत होतो, पण शेवटी नळीचं टोक तापवलं आणि ब्रेक सहज फिरला. आट्यांवर लाल भुकटी. हम्माद शेजारीच उभा.

"ये किसने लगाया?"

"मैंने. पहलेवाले में भी. वासुदेव की गलती नहीं थी."

त्याने ती भुकटी बोटावर घेऊन पाहिली. मग म्हणाला, "और तुम आठ महिने चुप रहे?"

महिनाअखेरीस माझी नोकरी संपते. तुझी चूक नव्हती असं हम्मादने सहीशिक्क्यानिशी लिहून दिलंय, ते सोबत आहे. तुला परत घ्यायला तो तयार आहे. यायचं की नाही, ते तू ठरव.

'तुझा मित्र' लिहायला हात धजत नाही. म्हणून नुसता

तय्यब