खुंटीला धरून तुडवलेली पाठ

मंगळवार, संध्याकाळ

बाबांना आज पिरंगुटला पाठीच्या डॉक्टरकडे नेलं. मुंबईच्या गोदीत जन्मभर पोती वाहिली, आता सरळ उभंही राहवत नाही.

मी लहान असताना रजेवर गावी आले की ओसरीत पालथे पडायचे, आणि मी भिंतीच्या खुंटीला धरून त्यांची पाठ तुडवायचे. "अजून वर, पोरी." पाय घसरला की दोघंही हसायचो.

एक्स-रे पाहून डॉक्टरांनी विचारलं, "पाठ कुणी तुडवायचं का? अशा मणक्यावर पाय देणं वाईटच."

मीच बिघडवली का ती पाठ?

बाबाच म्हणाले, "न्हाई ओ. कदीच न्हाई."

घरी परतलो. ती खुंटी आता माझ्या खांद्याला लागते. तिथंच उभं राहून विचारलं, "खोटं का बोललात?"

"मग काय सांगू? रजा त्येच्यासाटीच काडायचो म्हून?"