यंत्रातल्या बाईला उत्तर

ता. ३ फेब्रुवारी

चि. चिमणीस आजीचे आशीर्वाद आणि एक गालगुच्चा. वि. वि.

पत्राचं कारण तुझे आजोबा, दुसरं कोण? छातीचा फोटो काढायला नेलं होतं, त्या मोठ्या रिंगणात निजवून काढतात तो. मी काचेअलीकडे खुर्चीत. खुर्ची इतकी छान गं, उठावंसंच वाटेना. ते राहू दे. दंडात औषध सोडलं, अंग गरम झालं, इथवर शहाण्यासारखे पडून होते. मग यंत्रातून बाईचा आवाज आला, श्वास घ्या, रोखून धरा. तर हे म्हणतात, हो बाई, धरतो! पुन्हा काढला, पुन्हा हो बाई. जन्म बुटांच्या दुकानात गेला ना, बाईमाणसानं काही सांगितलं की उत्तर दिल्याशिवाय राहवत नाही. मी हाका मारते तेव्हा मात्र हूं नाही की चूं नाही.

इथले डॉक्टर गाठ कापायची की नाही ते सांगेनात. फोटो तुझ्याकडे पाठवलाय. रोज लोकांचे बघतेस, आता आपल्या माणसाचा बघ. माया पातळ करू नकोस.

तुझी आजी

ता. ७ फेब्रुवारी

ती. आजीस सा. न. वि. वि.

फोटो पाहून कपाळाला हात लावला. कॅन्सरची गाठ फुप्फुसात, हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीला लागून आहे. नुसती टेकलीय की आत शिरलीय, यावर सगळं अडलंय. टेकली असेल तर मध्ये चरबीचा पातळ थर शिल्लक असतो, फोटोत तो काळसर रेघेसारखा दिसतो. रेघ दिसली तर सर्जन हात घालतील. शिरली असेल तर बहुधा नाही, मग औषधं आणि किरणं. आणि नेमकं तिथंच आजोबांचं हो बाई उमटलंय! बोलताना छाती हलली, सगळं पुसट. ती बाई म्हणजे नुसती टेप आहे, सांग त्यांना. फोटो पुन्हा काढायचाय, तोवर सराव घे. चिडू नकोस, मी चिडलेय तेवढं पुरे.

आशीर्वादाची वाट पाहणारी,
चिमणी

ता. १३ फेब्रुवारी

चि. चिमणीस आशीर्वाद.

सराव कसला, डोक्याला ताप! मी स्वयंपाकघरातून ओरडते, श्वास रोखा. हे बाहेरून, हो बाई. टेप आहे म्हटलं, तर म्हणाले टेपमध्येही कुणी बाई बोललीच असेल की, तिला काय वाटेल? शेवटी सांगितलं, उत्तरं साठवा आणि फोटो झाल्यावर द्या. ते पटलं. काल यंत्र थांबल्यावर सगळे हो बाई एकदम म्हणून मोकळे झाले. नर्स पोट धरून हसली. मला काही हसू आलं नाही. रेघ असेल ना गं?

उत्तराला उशीर केलास तर बोलणार नाही.

आजी

ता. १६ फेब्रुवारी

ती. आजीस सा. न.

रेघ आहे! बारीक आहे, पण सबंध. आमच्या मोठ्या डॉक्टरांनाही दाखवली. पक्कं काय ते छाती उघडल्यावरच कळेल, पण सर्जन तयार आहेत. मी येतेच आहे.

चिमणी

ता. ५ मार्च

चि. चिमणीस पोटभर आशीर्वाद.

ऑपरेशन झाल्यावर तू परतीच्या गाडीत बसलीस आणि इकडे यांनी नवा ताप दिला. गाठ निघाली, रक्तवाहिनी शाबूत, सगळे खूश. आणि हे डोळे मिटून गप्प. नर्स म्हणाली, खोल श्वास घ्यायला सांगा. सांगितलं. रागावून सांगितलं. काही नाही. इतका गप्प माणूस मी मागितला होता का गं? मग इकडेतिकडे पाहिलं आणि यंत्रातल्या बाईसारखा आवाज काढला, श्वास घ्या. ओठ हलले. हो बाई, घेतो. आणि घेतला की!

तिला उत्तर, मला नाही. असा संताप आला म्हणून सांगू! उद्याही तोच आवाज काढणार आहे.

तुझी आजी