उत्तर देऊ नये अशी पत्रं

ती. ताईस शिरसाष्टांग नमस्कार. (अष्टांगांपैकी गुडघे सध्या रजेवर आहेत, ते वगळून गोड मानून घे.) तुझी कंबर कशी आहे? भावजी गेल्याला दोन वर्षं झाली आणि एवढ्या काळात मी तुला एक धड पत्र लिहिलं नाही, हे रोजनिशीत अनेकदा नोंदवलं आहे. नोंदवण्याऐवजी लिहिलं असतं तर कागद तेवढाच लागला असता.

पत्रास कारण की, माझ्या ईमेलच्या पेटीत फालतू पत्रांचा सुळसुळाट झाला होता आणि दोष माझाच होता. आलेल्या पत्राला उत्तर द्यावं, ही आईची शिकवण. केसांचं तेल विकणाऱ्याला मी कळवलं की तेल चांगलंच असेल, पण लावायला आता केस उरलेले नाहीत. सोडतीत मोटार लागल्याचं कळवणाऱ्याला लिहिलं की मी तिकीटच काढलं नव्हतं, तरी खऱ्या विजेत्याला शोधावं, बिचारा वाट बघत असेल. (यात आपण मोठेपणा तर मिरवत नाही ना, असं वाटून दोन वाक्यं खोडली.) परिणामी दिवसाला दहा येत होती, ती दोनशे येऊ लागली.

शेवटी आमच्या ग्रंथालयातल्या संगणकवाल्या बाईंपुढे पेटी उघडली. त्यांनी कपाळाला हात लावला. “अहो, नको म्हणायला जरी उत्तर दिलंत, तरी त्यांना कळतं ना, घरात माणूस आहे ते.” यात वाईट काय, ते मला क्षणभर समजेना. मग त्यांनी बजावलं की अनोळखी पत्रातल्या ‘यादीतून नाव काढा’ या दुव्यालाही हात लावायचा नाही, मुकाट्यानं स्पॅमची खूण करायची. दुकानांना वेगळा पत्ता द्यायचा. आणि ओळखीच्या माणसाच्या नावानं विचित्र काही आलं, तर त्या पत्राला उत्तर न देता, आपल्याला आधीपासून ठाऊक असलेल्या मार्गानं त्या माणसालाच विचारायचं.

मी हे इतकं काटेकोर पाळलं की आठवड्यात पेटी लख्ख झाली. मंगळवारी एकच पत्र आलं, तेही मीच मला पाठवलेलं, पेटी चालू आहे ना ते बघायला. (उत्तर दिलं. सवय.) आता संध्याकाळी जेवता जेवता स्पॅमच्या कप्प्यात नुसता डोकावतो. उघडत काही नाही, फक्त विषय वाचतो. तिथे अजून वर्दळ असते.

बाकी क्षेम. काळजी नसावी.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. त्या कप्प्यात तुझ्या नावाचं एक पत्र आहे. पत्ता अनोळखी, विषय ‘जमल्यास लवकर’. मजकूर एवढाच: ‘कसा आहेस? घर फार मोठं वाटतं. चार दिवस येतोस का?’ काही विकायचं नसताना मला ‘कसा आहेस’ असं कोणी विचारत नाही, म्हणून तीन आठवड्यांपूर्वी मीच त्यावर स्पॅमची खूण केली होती. काल बाईंना दाखवलं. “यात दुवा नाही, काही मागितलेलं नाही,” त्या म्हणाल्या, “विचारा की बहिणीला.” फोन करणार होतो, पण तू ‘बरी आहे’ म्हणशील, मी ‘मीही’ म्हणेन आणि आपण फोन ठेवून देऊ. म्हणून हा जुना, ठाऊक असलेला मार्ग. ते पत्र तुझंच का?

आणखी ता. क. तुझं नसेल तर लगेच कळवू नकोस. शनिवारी सकाळी मी दारात उभा राहिलो की सांग. तिकीट काढलं आहे.