थाटीपुरातला समुद्र

॥ श्री ॥

थाटीपुर, ग्वाल्हेर
६ एप्रिल २०२५

ती. अण्णा यांस,
शामलाचा शि. सा. न. वि. वि.

तुम्ही कानाचं नवं यंत्रही कपाटात ठेवून दिलंत असं वहिनी सांगत होत्या. बरंच झालं. मी फोनवर ओरडायचं आणि तुम्ही भलत्याच प्रश्नाचं उत्तर द्यायचं, त्यापेक्षा आपलं पोस्ट चांगलं. रत्नागिरीहून निघालेलं पत्र उशिरा येतं, पण निदान पुरतं येतं.

मोठी बातमी म्हणजे सूनबाई निवेदितानं आमच्या बैठकीत समुद्र आणून ठेवला आहे. सोफा होता तिथं आता लोखंडी स्टँडवर काचेची लांबलचक टाकी आहे. फिल्टरच्या पाण्यात खास पाकिटातलं मीठ कालवून पाणी खारं केलं, आत लाटा करणारे पंप बसवले, वर निळा दिवा टांगला, आणि पाणी गार ठेवायला वेगळं यंत्र आणलं. हिवाळाभर तिनं त्यात नुसते दगड ठेवले होते. पाणी मुरावं लागतं म्हणे. शेजारणी येऊन विचारायच्या की मछली कब आएगी, आणि मला उत्तर देता यायचं नाही. होळीनंतर प्रवाळ आले. कडक जातीचे घरी ठेवायला कायद्यानं मनाई आहे, म्हणून हे मऊ, शर्टाच्या बटणांएवढे. दिवा लागला की उमलतात. सोबत दोन नारिंगी मासे आणि काच साफ करणाऱ्या गोगलगायी. तिची लेक अवंतिका कॉलनीभर सांगत फिरते की हमारे घर में समुंदर है, टिकट लगेगा. नऊ वर्षांची पोर, पण धंद्याची अक्कल बापापेक्षा जास्त.

आता खरं कारण लिहिते. तिकडे दक्षिणेत रामेश्वरजवळ प्रवाळ वाढवण्याचं एक केंद्र आहे, त्यांनी निवेदिताला बोलावलं आहे. वीस जूनपर्यंत हो की नाही कळवायचं. अवंतिका झाल्यापासून तिचं हे काम सुटलेलं, त्यामुळे तिचा स्वतःवर भरवसा नाही. म्हणून तिनं ही टाकी मांडली. तोवर प्रवाळ जगले, वाढले, तर जाईन. नाहीतर हात गेला असं समजून इथंच राहीन, असं तिनं नवऱ्याला, केदारला, आणि मला समोर बसवून सांगितलं. केदार म्हणतो, तू टेन्शन नको घेऊ, मी येऊन जाऊन राहीन. अवंतिका आईबरोबर जाणार. मग या सरकारी क्वार्टरात मी आणि दिवसभर बंद दार.

तुमच्यापासून काय लपवायचं? मला ती जायला नको आहे. हे गेल्यापासून या घरात माझ्याशी दुपारचं कुणी बोलत असेल तर तीच.

उन्हामुळे टाकीतलं पाणी उडतं. ते काचेवरच्या रेघेपर्यंत रोज भरायचं काम माझ्याकडे आहे. ती अवंतिकाला स्कूलबसपर्यंत सोडायला गेली की मी ते करते. एवढ्या शिकलेल्या माणसांत एक काम मला मिळालं, म्हणून जरा मिरवते आहे.

वहिनींस नमस्कार. मजवरचा लोभ कानांसारखा कमी होऊ देऊ नये.

आपली,
शामला


॥ श्री ॥

रत्नागिरी
१८ एप्रिल २०२५

चि. शामला हिस,
अण्णाचे अ. उ. आ. वि. वि.

पत्र वाचून मला हसू आलं आणि हेवाही वाटला. मत्स्यशाळेत पाणी तपासण्यात माझा जन्म गेला, पण खुर्चीत बसून पाहावा असा समुद्र मला कुणी दिला नाही. घरात ही टाकी चालवणं सोपं नाही, आणि ग्वाल्हेरच्या उन्हात तर नाहीच. तुझी सून हात गेलेली बाई नव्हे, एवढं मी इथून सांगतो.

भर घालताना मीठ घालू नकोस. पाणी उडतं, मीठ उडत नाही. तिनं सांगितलंच असेल, पण तुझा स्वयंपाकातला हात मला ठाऊक आहे.

तिनं जाऊ नये असं तुला वाटतं, हे तू मला लिहिलंस. तिला सांगितलंस का? राग येईल तुला, पण विचारून ठेवतो.

मुलांना आशीर्वाद. तब्येत सांभाळून असावे आणि भावावर जमेल तेवढी माया करावी.

तुझा,
अण्णा


॥ श्री ॥

थाटीपुर, ग्वाल्हेर
२० मे २०२५

ती. अण्णा यांस,
शि. सा. न. वि. वि.

महिनाभर पत्र नाही म्हणून तुम्ही रागावला असाल. लिहिण्यासारखं चांगलं काही नव्हतं.

आधी गोगलगायी गेल्या. एकेक करून काचेवरून सुटून खाली पडल्या. मग प्रवाळ मिटू लागले. दिवा लागला तरी उमलत नाहीत, आणि काहींचा तर नुसता चिकट पापुद्रा उरला आहे. मासे मात्र ठणठणीत, त्याचंच नवल. निवेदिता दिवसातून कितीदा पाणी तपासते. बाटल्यांत थेंब घालून रंग बघते, खारटपणा मोजते, पंप उघडून बघते. सगळं बरोबर निघतं आणि तरी मरतात. बाहेर लूचा गरम वारा चालला आहे, लाइट जाते. लाइट गेली की ती जेवता जेवता उठून इन्व्हर्टर बघायला धावते. पान तसंच राहतं. परवा अवंतिकानं पंख्याचं बटण समजून पंपाचं बंद केलं, तर तिला एवढी ओरडली की पोर माझ्या मागे लपली. ही आमची निवेदिता नव्हे.

सगळ्यात वाईट म्हणजे मुरार छावणीतली गरिमा. फौजी अफसराची बायको, निवेदिताची मैत्रीण. तिनंही हौसेनं लहान टाकी केली आहे. निवेदितानंच आपल्या प्रवाळांचे तुकडे तिला दिले, मीठही त्याच पाकिटातलं. तिथं ते दुपटीनं वाढलेत. ते ही जाऊन बघून आली. काल केदारला म्हणाली की तेच जीव, तेच मीठ, फरक फक्त हातांचा आहे, म्हणजे माझ्याच हातात काही उरलं नाही. केदार तिची समजूत घालायला गेला, तर त्यालाच ऐकून घ्यावं लागलं.

माझ्या कामात मी बिल्कुल कसूर केलेली नाही. आई, फिल्टरचंच पाणी घालता ना, असं तिनं विचारलं. मी हो म्हटलं आणि ते खरं आहे. प्लास्टिकच्या कॅनमधून समुद्राला पाणी घालायचं मनाला पटेना, म्हणून तेच पाणी मी रात्री देवघरातल्या तांब्याच्या कळशीत भरून ठेवते. कळशी रोज चिंचेनं घासून लख्ख करते. सकाळी पूजा झाली की नद्यांची नावं घेऊन ते टाकीत सोडते. आपल्या आईनं आपल्याला तांब्यातल्याच पाण्यावर वाढवलं, त्याहून शुद्ध ते काय? म्हणजे माझ्या बाजूनं दोष नाही, हे तुम्हाला कळावं म्हणून लिहिलं.

एक मनातलं. ती नाही म्हणून कळवणार असं दिसतं आहे. वाईट वाटतं, आणि आतून बरंही वाटतं. असं वाटणं बरं नव्हे ना?

काही उपाय सुचत असेल तर कळवावा, लोभ असू द्यावा.

आपली,
शामला


॥ श्री ॥

रत्नागिरी
२७ मे २०२५

चि. शामला हिस,
अ. उ. आ.

हे पत्र स्पीड पोस्टानं पाठवतो आहे. वहिनीला फोन करायला लावणार होतो, पण तुझा मोबाइल कायम अवंतिकाच्या हातात, आणि ही गोष्ट आधी तुझ्या एकटीच्या कानावर घालायची आहे.

कळशीतलं पाणी टाकीत घालणं आजपासून बंद कर.

शामला, तांबं आपल्याला सोसतं. प्रवाळांना आणि गोगलगायींना ते विष आहे, अगदी थोडं असलं तरी. माशांना एवढ्यानं काही होत नाही, म्हणून ते ठणठणीत. फिल्टरच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, त्यामुळे ते धातू जास्त ओढून घेतं. त्यात तू रोज चिंचेनं घासून नवं तांबं उघडं करतेस. टाकीतून पाणी उडून जातं, तांबं जात नाही. रोजचं साठत गेलं. निवेदितानं सगळं तपासलं, तांबं तपासलं नसेल, कारण तिच्या सगळ्या सामानात तांबं कुठेच नाही. गरिमाच्या घरी कळशी नाही, एवढाच फरक आहे.

तिला लगेच सांग. पाणी बदलून आणि कोळशातून गाळून उरलेले जीव अजून वाचतील. तू मुद्दाम केलं नाहीस, हे तिला कळेल. तू जे केलंस ते मायेनं केलंस.

सांगितल्याचं दोन ओळींत कळव. तोवर मला चैन पडणार नाही.

तुझा,
अण्णा


॥ श्री ॥

थाटीपुर, ग्वाल्हेर
४ जून २०२५

ती. अण्णा यांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं त्याच दिवशी कळशी बंद केली. आता सरळ कॅनमधलं पाणी घालते.

सांगितलेलं नाही.

तुम्हाला राग येण्याआधी ऐकून घ्या. पत्र वाचून सगळं कळलं. रोज देवाचं नाव घेऊन मी त्या जिवांना मारत होते. त्याच दुपारी सांगायला म्हणून बैठकीत गेले, तर निवेदिता टाकीपुढे पाट घेऊन बसली होती. मला म्हणाली की आई, आता सुटले मी, जायचं की नाही हा प्रश्नच संपला. आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली. मी तिच्या केसांतून हात फिरवत राहिले, तोंड उघडलंच नाही.

तेव्हापासून रोज उद्यावर ढकलते आहे. घर आता शांत आहे. ती वेळेवर जेवते. अवंतिकाला इथल्याच शाळेत पुढल्या वर्गात घातलं. परवा माझ्याबरोबर लोणच्याचे आंबे घ्यायला मुरारच्या बाजारात आली. आता सांगून पुन्हा सगळं कशाला ढवळायचं? जीव तर गेलेच. थोडं दुःख होऊन ती इथं रमेल. बायका रमतात, मीही रमले.

तुम्ही समजून घ्याल, माझ्याच बाजूचे राहाल, या भरवशावर,

आपली,
शामला


॥ श्री ॥

रत्नागिरी
९ जून २०२५

चि. शामला हिस,
अ. उ. आ.

मी तुझ्या बाजूचा आहे, म्हणून हे कडक लिहितो.

माझं पत्र पोचेपर्यंत तुझ्याकडून झालं ते अजाणता. ते पोचल्यावर जे चाललं आहे ते अजाणता नाही. त्या मुलीला वाटतं आहे की तिचे हात गेले. नाहीत गेले, हे जगात दोन माणसांना ठाऊक आहे, एक बहिरा आणि एक मुकी झालेली. ती रमेल असं लिहितेस. स्वतःला नालायक समजून गप्प बसलेल्या माणसाला रमलेलं म्हणतात का?

एक विचारतो आणि विचारताना मला त्रास होतो. तिनं हो कळवायचं ठरवलं असतं, तर तू सांगितलं असतंस का? आणि ती नाही म्हणते आहे, म्हणूनच का तुझं तोंड उघडत नाही?

मी तिला परस्पर लिहू शकतो. लिहिणार नाही. माझ्याकडून कळलं तर तुझ्या घरात पुन्हा कुणी कुणावर विश्वास ठेवणार नाही. वीस तारीख जवळ आहे.

माया तशीच आहे, म्हणून आशीर्वाद देतो. उत्तर मात्र तिला दिल्यावरच मला दे.

अण्णा


॥ श्री ॥

थाटीपुर, ग्वाल्हेर
२६ जुलै २०२५

ती. अण्णा यांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हो असं आहे. तुमचं पत्र वाचून मी दिवसभर तुमच्यावर चिडले. मोठा भाऊ म्हणून काहीही लिहायचं का, असं मनात म्हणत भांडी आपटत राहिले. संध्याकाळपर्यंत चिडायला काही उरलं नाही.

दुसऱ्या दिवशी अवंतिका शेजारी खेळायला गेली होती. निवेदिता मोबाइलवर नकाराचं पत्र लिहून केदारला वाचून दाखवत होती, की अनेक वर्षांच्या खंडामुळे मी या कामास योग्य राहिलेले नाही. मी देवघरातून कळशी आणून त्या दोघांच्या मध्ये टेबलावर ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. तिचं तोंड बघायची हिंमत नव्हती म्हणून कळशीकडे बघूनच बोलले.

मला वाटलं होतं ती ओरडेल. अण्णा, ती हसायला लागली. खाली फरशीवर बसली आणि हसता हसता रडली. तांबं होतं, मी नव्हते, तांबं होतं, असं पुन्हा पुन्हा म्हणत होती. मला मिठी मारली. गरिमाला फोन लावून तेच सांगितलं. केदार बावळटासारखा बघत उभा. इतकं खुश मी तिला लग्नातही पाहिलं नव्हतं.

मग शांत झाल्यावर तिनं विचारलं की आई, तुम्हाला हे कधी कळलं. कालच कळलं असं म्हणता आलं असतं. तिनं विश्वास ठेवलाही असता. मी खरं सांगितलं, की अण्णांचं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. तिनं मिठी सोडली. मांडीवर डोकं ठेवलं होतं त्या दुपारी माहीत होतं का, एवढंच तिनं आणखी विचारलं. मी हो म्हटलं. ती उठून आत गेली. त्यानंतर जेवायला चला आणि औषध घेतलं का, याशिवाय माझ्याशी बोलली नाही.

दिल्लीहून तांबं तपासायचं सामान मागवलं. तुम्ही म्हणालात तेच निघालं. पाणी बदललं, कोळसा घातला, चार-दोन प्रवाळ वाचले, ते गरिमाकडे दिले. पण सामान यायची वाट न बघता तिनं रामेश्वरला हो कळवलं होतं.

याच महिन्यात ती आणि अवंतिका गेल्या. स्टेशनवर तिनं मला वाकून नमस्कार केला, रीत म्हणून. वर तोंड करून पाहिलं नाही. अवंतिका खिडकीतून ओरडत होती की आजी, समुंदर देखने आना.

फोन येतो तो केदारला. काल रात्री त्यानं स्पीकर लावला, मी शेजारीच बसले आहे हे तिला सांगितलं नाही. ती सांगत होती की पाण्यात उतरले, माझ्या हातानं खडकावर प्रवाळ लावले, पंधरा दिवसांत त्यांना नवे कोंब आले. इतक्या भरभर बोलत होती की केदारला हूं म्हणायलाही जागा नव्हती. माझी चौकशी तिनं केली नाही. मी हात जोडून ऐकत बसले होते. हा आवाज तिच्यात होता, आणि तो घरातच राहावा म्हणून मी तो दाबून ठेवला होता.

आपला लोभ माझ्यावर रागावूनही राहू द्यावा. तिचा परत मिळेल की नाही, ते मला ठाऊक नाही.

आपली,
शामला