ऐकणारं माणूस हवं

३ फेब्रुवारी, सोमवार
काल ही बहिणीकडे राहायला गेली. एकच बॅग. बॅगेची चेन अडकत होती. ती कशी ओढायची ते मी दारात उभं राहून नीट समजावलं, तर म्हणाली, राहू द्या. मग बरंच बोलली. वीसेक मिनिटं. बाकी सगळं नेहमीचंच असावं. शेवटचं वाक्य मात्र शब्दशः टिपून ठेवतो, उद्या कुणी म्हणायला नको की मला सांगितलं नव्हतं: "ऐकणारं माणूस हवं. बस्स, एवढंच."

आज दिवसभर विचार केला. मुद्दा रास्त आहे. मला ऐकणारं माणूस हवंच. एकतीस वर्षांत या घरात माझं कुणी ऐकलेलं नाही. उशिरा का होईना, हिच्या लक्षात आलं.

कन्येला फोन लावला. थेरपिस्ट हा शब्द तिने काढला. म्हणाली, बाबा, घराजवळ कुणी चांगलं मिळतंय का बघा, आई महिनाअखेरीला ठरवणार आहे. काय ठरवणार ते ती सांगत होती, पण तोवर मी थेरपिस्ट कसा असावा यावर बोलायला लागलो होतो आणि मग तिची मीटिंग सुरू झाली. तिला फार मीटिंगा असतात.

म्हणजे २८ तारखेला ही परत. कॅलेंडरवर गोल केला.

५ फेब्रुवारी, बुधवार
अटी पक्क्या केल्या. थेरपिस्ट चालत जाण्याच्या अंतरावर हवा. वयाने मोठा हवा, निदान टक्कल तरी हवं. बालपण उकरायचं नाही. मध्ये बोलायचं नाही. आणि खोली शांत हवी. आवाज मोजायचं मीटर दुकानातून सोबत नेणार. बावीस वर्षं लोकांचे कान तपासतोय, कानाची मशीनं बसवतोय. ऐकण्यातलं मला कळत नाही तर काय भाजीवाल्याला कळणार?

रिसेप्शनवालीला अटी वाचून दाखवल्या. माझ्याकडे नऊ वर्षं आहे, जीभ मात्र पहिल्या दिवसापासून आहे. म्हणाली, साहेब, तुम्ही डॉक्टर शोधताय की जावई? मी कानाडोळा केला.

दुपारी रिटायर्ड ड्रायव्हर आले. तक्रार: मशीन वाजत नाही. तपासलं, ठणठणीत. शेवटी कबूल केलं की घरात बायको बोलायला लागली की बंद करून ठेवतात आणि मग चालू करायचं विसरतात. त्यांची चांगली कानउघाडणी केली. अशी माणसं असतात!

६ फेब्रुवारी, गुरुवार
दुकानातून आलो तर कपाटातला खालचा खण रिकामा. हिचे उन्हाळ्याचे कपडे गेले. शेजारीण म्हणाली, साडेचारला आली होती, घाईत होती, पाचला कुठेतरी पोचायचं म्हणत होती. उन्हाळा लागायला अजून अवकाश आहे. कपडे उन्हात टाकायला नेले असणार. आपल्या गॅलरीत ऊन येत नाही, हे तिने पूर्वी म्हटल्याचं अंधुक आठवतं.

८ फेब्रुवारी, शनिवार
थेरपिस्ट नंबर एक. बाई. खोली दाताच्या दवाखान्याला लागून. मीटर काढलं: एकसष्ट डेसिबल, आणि पलीकडे कुणाची तरी दाढ कोरताहेत. मी म्हटलं, बाई, इथे मनाचा काय, दाताचासुद्धा विचार सुचणार नाही. मान डोलावली. मी हिच्याबद्दल सांगितलं, मान डोलावली. साडूबद्दल सांगितलं, मान डोलावली. शेवटी विचारते, आत्ता तुम्हाला काय वाटतंय? मला वाटतंय की तुम्ही खोली बदलावी. यावरही मान डोलावली.

रद्द.

११ फेब्रुवारी, मंगळवार
नंबर दोन. वय कन्येएवढं. पायात पळायचे बूट. मी बसल्याबसल्या टिश्यूचा डबा माझ्याकडे सरकवला. मी परत सरकवला. त्याने पुन्हा. असं पाच वेळा झालं. सहाव्यांदा मी डबा उचलून खिडकीत ठेवला. म्हणतो, हे इंटरेस्टिंग आहे. काय इंटरेस्टिंग? डबा आहे तो.

हिचं शेवटचं वाक्य त्याला ऐकवलं. तर विचारतो, ऐकणारं माणूस हवं, पण कुणाला हवं? अरे, कुणाला म्हणजे? आजकालच्या पोरांची भाषाच कच्ची. व्याकरण समजावायला मला पंधरा मिनिटं लागली आणि माझी वेळ संपली.

रद्द. याला मीच सर्टिफिकेट द्यायला हवं, नापासाचं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
मिक्सर गेला. सोबत हिची उशी. मिक्सर मी समजू शकतो, मेहुणीचा खडखडतो असं ऐकून आहे. उशीचं कळेना. बहुधा मला पलंगावर ऐसपैस झोपता यावं म्हणून. काळजी करते, दाखवत नाही.

टेबलावर चिठ्ठी होती: "नळाचा वॉशर बदलला आहे. तुम्हाला चार वेळा सांगितलं होतं." चार वेळा वगैरे काही नाही. पण नळ खरंच गळायचा थांबलाय. आता घर फारच गप्प वाटतं. मीटरने मोजलं: तेवीस डेसिबल. एवढी शांतता माझ्या टेस्टच्या केबिनमध्येही मिळत नाही. अभिमान वाटायला हवा होता. वाटला नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार
साडूचा फोन. हा म्हणजे उंटावरचा शहाणा. म्हणाला, ती मजेत आहे, परवा टीव्ही बघताना एवढी हसली की ठसका लागला. दुःख लपवायची हिची ही जुनी पद्धत. पुढे म्हणाला, ती खोली बघतेय. मी म्हटलं, मीपण खोल्याच बघत फिरतोय, थेरपिस्टांच्या, डेसिबलसकट! आणि नंबर एकच्या खोलीचं सगळं सांगितलं. तो म्हणाला, तू फोन ठेव बाबा. ज्याने फोन केला त्याने असं म्हणायचं असतं का? शिष्टाचार नाहीत.

२० फेब्रुवारी, गुरुवार, दुपार
सापडला! नंबर तीन. व्हिडिओ कॉलवर असतो, म्हणजे चालायचंही अंतर नाही. पूर्ण टक्कल. चाळीस मिनिटं बोललो. एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. मान डोलावली नाही, टिश्यू नाही, बालपण नाही. डोळ्याची पापणी लवली नाही. माणूस ऐकतो म्हणजे असा! हिच्या बडबडीचं, कन्येच्या मीटिंगांचं, साडूच्या आगाऊपणाचं सगळं सांगितलं. शेवटी स्क्रीनजवळ सरकलो. म्हटलं, घरी गेलं की लाईट मलाच लावावा लागतो हो. त्यावरही तो स्थिर. कमालीचा स्थिर.

त्याच दिवशी, संध्याकाळ
मेसेज आला. "सर, सुरुवातीलाच माझी स्क्रीन अडकली, तुमचा आवाज काहीच आला नाही. माफ करा. लिंक पुन्हा पाठवू का?"

कानाला खडा. पुन्हा व्हिडिओ नाही.

घरी आलो तर शिलाई मशीन गेलं होतं. ते न्यायला दोन माणसं लागली म्हणे. शेजारणीने दार धरलं. यांची हिंमत! मी तिला विचारलं, मला फोन का नाही केला? म्हणाली, केला होता, तुम्ही उचलला आणि मला कानाच्या मशीनची नवी स्कीम सांगून ठेवून दिला.

शिलाई मशीनचं काय ते अजून ठरवलेलं नाही. सर्व्हिसिंग असेल.

२२ फेब्रुवारी, शनिवार
सहा दिवस उरले. रिसेप्शनवाली आज आपणहून म्हणाली की तुमच्याच मागच्या गल्लीत एक थेरपिस्ट बाई आहेत, माझ्या भावजयीला त्यांचा फार गुण आला. मागच्या गल्लीत! मी पावलं मोजली: घराच्या फाटकापासून चारशे बारा. पहिला मजला, खाली स्टेशनरीचं दुकान, वर्दळ नाही. बाहेरून मोजलं तरी चाळीसच्या आत. पाटीवर अक्षर छोटं, म्हणजे बाई स्वतःची टिमकी वाजवणारी नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

लगेच फोन केला. आवाज वयस्कर, धीम्या चालीचा. नाव सांगितलं, पत्ता सांगितला. पत्ता त्यांनी पुन्हा विचारला. मग म्हणाल्या, मला तुम्हाला घेता येणार नाही. का? कारण सांगता येत नाही, पण दोघांची नावं देते. दिली. एक दाताच्या दवाखान्याशेजारची. दुसरा टिश्यूवाला.

२४ फेब्रुवारी, सोमवार
तीनदा फोन केला, तीनदा तेच. मला नाकारते? नाकारायचं काम माझं आहे! बाई घाबरली असणार, असा जाणकार समोर बसला तर पितळ उघडं पडेल. तक्रारअर्ज लिहायला घेतला. दोन पानं झाली. कुणाकडे करायचा ते कळेना.

तोंडावर जाब विचारणार. गुरुवारी दुकान लवकर बंद करून पाचला थेट दारात. मीटर नेणार.

२७ फेब्रुवारी, गुरुवार, संध्याकाळी सात
जसं झालं तसं लिहितो.

पोचायला पाच-चाळीस झाले, रिटायर्ड ड्रायव्हरांनी अडवलं होतं. बाहेरच्या खोलीत तीन खुर्च्या. आतलं बोलणं बाहेर जाऊ नये म्हणून दाराशी एक डबी ठेवलेली, तिच्यातून पंख्यासारखी घरघर. हलकी कंपनी. मीटर लावत होतो तेवढ्यात दार उघडलं आणि ही बाहेर आली.

हो. ही.

मला आधी भरून आलं. म्हटलं, बघा, माझ्यासाठी शब्द टाकायला आली. तसं बोललोही. ही पायात चप्पल सरकवत होती ती थांबली. म्हणाली, मी दर गुरुवारी पाचला इथे येते. वर्ष होईल पुढच्या महिन्यात.

मी म्हटलं, मग मला का नाही सांगितलंस? म्हणाली, सांगितलं होतं. मी म्हटलं, शक्यच नाही. आणि जाताना ऐकणारं माणूस हवं म्हणालीस, म्हणून तर मी महिनाभर वणवण करतोय!

तिने पर्स खांद्याला अडकवली. चेहऱ्यावरून हसेल की रडेल ते कळत नव्हतं. मग म्हणाली, अहो, मला. मला हवं होतं. घरात.

मी म्हटलं, वाक्यात तसं नव्हतं. ती म्हणाली, आधीच्या वीस मिनिटांत होतं.

मग एक तारखेपासून खोली घेतली आहे, पत्ता कन्येकडे आहे, एवढं सांगून जिना उतरायला लागली. मी वरून ओरडलो की मी सगळं लिहून ठेवतो, माझ्या वहीत नाही म्हणजे तू सांगितलंच नाहीस. खालून म्हणाली, मग वहीत बघा.

त्या बाई दारात उभ्या होत्या. मला पाणी विचारलं. मी म्हटलं, तुमची डबी बेचाळीस डेसिबल दाखवतेय.

संध्याकाळी आठ
मागच्या वर्षीची वही काढली. पुरावा म्हणून.

"१४ मार्च, गुरुवार. दुकानात गर्दी. दोन मशीनं परत आली. ही म्हणाली, आजपासून दर गुरुवारी मागच्या गल्लीत एका बाईंकडे बोलायला जाणार आहे, जीव घुसमटतो. येताना ब्रेड आणायला सांगितलं."

माझंच अक्षर. पान उलटलं.

"१५ मार्च, शुक्रवार. ब्रेड शिळा निघाला."

२८ फेब्रुवारी, शुक्रवार
सकाळी दुकान उघडायच्या आधी रिसेप्शनवालीला म्हटलं, माझी टेस्ट कर. वाट लागली असेल तर बरं. बावीस वर्षं बीप ऐकून कान गेले असणार. चाळीस डेसिबलची तूट आली तरी पुरे, रिपोर्ट हिला पाठवतो, खाली एक ओळ लिहितो की दोष माझा नव्हता, कानांचा होता. मग बघू कशी येत नाही.

केबिनमध्ये बसलो. हेडफोन लावले. बावीस वर्षांत त्या खुर्चीवर पहिल्यांदा. बीप आला की बटण दाबायचं. ठरवलं होतं की बारीक आवाजांना दाबायचंच नाही. पण आवाज आला की अंगठा आपोआप दाबायचा. बरोबर उत्तर येत असताना गप्प कसं बसायचं, ते मला जमत नाही. शेवटचा बीप तर इतका बारीक होता की वाटलं, आतल्या खोलीतून कुणी हळूच हाक मारतंय. तोही दाबला.

बाहेर आलो. रिसेप्शनवालीने ग्राफ पुढे केला. दोन्ही रेघा सरळ, अगदी वरच्या टोकाला. म्हणाली, साहेब, तुमच्या वयात असे कान बघितले नाहीत.

खाली शेऱ्याची जागा असते. तिथे तिने निळ्या पेनाने लिहिलं होतं: सगळं ऐकू येतं.